ऑपरेशननंतर कुत्र्याची शू सुरळीत होत नाहीये? अनुभव लिहा

आमच्या लॅब्राडोरचं मुतखड्याचं ऑपरेशन झालं. टाके सुकले, भूक परतली, शूचं मात्र जमेना. सारखी दाराशी उभी राहते, खाली नेलं की चार थेंब. बिल्डिंगला लिफ्ट नाही आणि जिन्यात सांडलं की शेजारच्या काकू आहेतच. मूत्राशयाला टाके असल्याने काही दिवस लालसर शू आणि घाई चालायचीच, असं डॉक्टर म्हणाले होते. ते दिवस कधीच उलटले. औषधांची नावं नकोत, तुमच्याकडे नेमकं काय निघालं ते सांगा.

गिरगाव : सेम टू सेम. अँटिबायोटिक चालू तोवर बरं, थांबलं की पुन्हा तेच. शेवटी दुसऱ्या डॉक्टरांनी पोटातून सुई घालून थेट मूत्राशयातली शू कल्चरला (जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीला) पाठवली, कारण वाटीत धरलेल्या शूत बाहेरचे जंतू येतात. चालू गोळीला दाद न देणारा जंतू निघाला. काढलेला खडाही लॅबला दिलात ना? खड्यांचे प्रकार असतात. स्ट्रुव्हाइट असेल तर कुत्र्यांत मागे बहुतेकदा इन्फेक्शन असतं. ऑक्झलेटचा खडा खाणं बदलून विरघळत नाही. एखादा खडा आत राहिलाय का, त्यासाठी एक्स-रेही काढून घ्या.

मुलुंड : आमचा डॅशहंड, मणक्याचं ऑपरेशन. शू गळायची आणि आम्ही खूश, चला, होतेय! प्रत्यक्षात मूत्राशय तुडुंब भरून नुसतं वरचं सांडत होतं. डॉक्टर मॅडमनी माझे हात धरून शिकवलं : मागच्या मांड्यांच्या जरा पुढे, दोन्ही बाजूंनी तळवे सपाट, बोटं रोवायची नाहीत, हळूहळू दाब वाढवायचा. आत पाणी भरलेला फुगा लागतो, मग धार सुटते. पहिल्यांदा मोरीत ती धार बघून नवरा टाळ्या वाजवत होता. पण समोर बसून शिकल्याशिवाय करू नका. शूची वाट अडलेली असताना दाबलं तर मूत्राशय फुटू शकतं.

पार्ले : आमची केस वेगळी. नसबंदीनंतर बऱ्याच महिन्यांनी झोपेत गादी ओली व्हायला लागली. सासूबाई म्हणे, आळशी झालीय. अंडाशय काढल्यावर हार्मोन घटतं, मूत्रमार्गाची पकड सैल पडते. गोळीने आटोक्यात आहे.

लालबाग : जोर करतोय आणि थेंबही नाही, उलट्या, पोट कडक, असं दिसलं तर इथे उत्तराची वाट बघू नका, टॅक्सीत घाला. नर असेल तर आणखीच घाई करा. आम्ही रस्त्यावरच्या एकाला परळच्या बैलघोड्यात, म्हणजे तिथल्या जनावरांच्या हॉस्पिटलात, नेलं होतं, वेळेत पोचलो म्हणून वाचला.

बोरिवली : अंदाजाने 'कमी होते' सांगण्यापेक्षा शू शोषणारं पॅड वजनकाट्यावर ठेवा. ओल्यातून कोरड्याचं वजन वजा केलं की जितके ग्रॅम, साधारण तितके मिली. धडधाकट कुत्र्याला दिवसाला किलोमागे 20 ते 40 मिली होते. स्टेरॉइड चालू असेल तर तहान आणि शू दोन्ही वाढतात, तेव्हा ते चालू आहे का तेही लिहा.