मदत हवी आहे: महासाथीत फॅमिली डॉक्टरच कोलमडू नयेत, यासाठी दवाखान्याची घडी कशी बसवावी?

काजवा:
दोन फॅमिली डॉक्टर, एक नर्स आणि एक रिसेप्शनिस्ट असलेल्या छोट्या दवाखान्यासाठी दोन पानी आराखडा लिहून ठेवायचा आहे. महासाथीत पेशंटचं काय करायचं यावर भरपूर मार्गदर्शन मिळतं. डॉक्टरांबद्दल मात्र "झोप घ्या, ताण घेऊ नका" याच्या पुढे कुणी जात नाही. म्हणून नेमके प्रश्न:

१. तपासणीची खोली ३ × ४ मीटर, उंची ३ मीटर. एका भिंतीत खिडकी, समोरच्या भिंतीत दार. हवा किती खेळती हवी आणि डॉक्टरांची खुर्ची कुठे ठेवायची?
२. फोन आणि मेसेज दिवसभर थांबत नाहीत. ते कसे आवरायचे?
३. डॉक्टर नुसते दमलेत की खरंच आजारी पडताहेत, हे कशावरून ओळखायचं?

"सकारात्मक राहा" छापाचे सल्ले कृपया नकोत.

धूमकेतू:
खोली ३६ घनमीटर भरते. नैसर्गिक वायुवीजनाच्या खोल्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा आहे दर पेशंटमागे सेकंदाला ६० लिटर, म्हणजे तासाला २१६ घनमीटर. तुमच्या खोलीत तासाला बरोबर सहा वेळा हवा बदलली की तो गाठला जातो. पण सहा वेळा म्हणजे दहा मिनिटांत खोली स्वच्छ झाली, असं नाही. नवी हवा जुनीत मिसळत जाते, त्यामुळे दहा मिनिटांत साधारण ६३ टक्के कण बाहेर पडतात. ९९ टक्क्यांसाठी ४६ मिनिटं लागतात. म्हणून खूप खोकणारे पेशंट वेळापत्रकात शेवटी घ्या.

खिडकीत बाहेर फेकणारा एक्झॉस्ट पंखा लावा आणि समोरचं दार किलकिलं ठेवा. डॉक्टरांची खुर्ची दाराच्या बाजूला, पेशंटची खिडकीच्या बाजूला. ताजी हवा आधी डॉक्टरांवरून जाईल, मग पेशंटवरून बाहेर. नेहमीची चूक म्हणजे दार बंद ठेवून पंखा चालू करणं. आत यायला वाट नसेल तर पंखा नुसता घरघरतो. आणि दार प्रतीक्षागृहात उघडत असेल तर तिथली खिडकी उघडी हवीच, नाहीतर तिथलीच वापरलेली हवा आत येईल. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतो, तो या हिशेबात धरू नका.

हेपा फिल्टरचं (हवेतले बारीक कण गाळणारं) यंत्र घेणार असाल तर खोक्यावरचा, तासाला किती हवा गाळली जाते त्याचा, आकडा सर्वांत वरच्या वेगाचा असतो. त्या वेगाला इतका आवाज होतो की छाती तपासताना स्टेथोस्कोपमध्ये नीट ऐकू येत नाही. मग कुणीतरी वेग कमी करतं आणि दिवसभर तो तसाच राहतो. मधल्या वेगाला तासाला २१६ घनमीटर देणारं यंत्र बघा.

टेबलावर कार्बन डायऑक्साइडचा मीटर ठेवा, उच्छ्वासाची हवा खोलीत किती साठली ते तो दाखवतो. बाहेरच्या हवेत साधारण ४२० पीपीएम (दहा लाख भागांत ४२०) असतं, खोलीत ८००च्या खाली राहायला हवं. फिल्टर विषाणू अडवतो पण हा आकडा उतरवत नाही, एवढं ध्यानात ठेवा. हवेचा मनाशी काय संबंध, असं कुणी विचारेल. आकडा समोर दिसत असला की दर खोकल्याला दचकायला होत नाही.

चांदणवेल:
यात मास्क जोडते. एन-९५ घातल्यावर दर वेळी दोन्ही तळवे त्यावर धरून जोरात श्वास सोडायचा. डोळ्यांकडे वारा लागला तर नाकावरची पट्टी नीट बसलेली नाही. ती दोन्ही हातांच्या बोटांनी दाबा. एका हाताच्या चिमटीने दाबली की मधोमध टोक येतं आणि दोन्ही बाजूंना फट राहते. दाढी असेल तर मास्क बसतच नाही, वाद घालण्यात अर्थ नाही.

तुटवड्यात पाच मास्क, पाच कागदी पिशव्या, प्रत्येकीवर वार लिहिलेला. प्लास्टिकच्या पिशवीत मास्क दमट राहतो. एकच मास्क पाचपेक्षा जास्त वेळा घालू नये, पट्टा सैल झाला तर त्याआधीच टाकावा. त्यावर सॅनिटायझर फवारू नका. आतल्या धाग्यांवरचा विद्युतभार अल्कोहोलने जातो आणि मास्क नुसतं कापड होऊन बसतो. नाकाच्या हाडावर व्रण पडू नये म्हणून कातडीवर पट्टी चिकटवणार असाल तर त्या पट्टीसकट श्वास सोडून पुन्हा तपासून बघा. हे सगळं काढतानाही संसर्गाचा धोका असतो, तेव्हा हातमोजे सर्वांत आधी आणि मास्क सर्वांत शेवटी, तोही खोलीबाहेर.

हातांचंही बघा. हात मळलेले नसतील तर अल्कोहोलचं द्रावण साबणापेक्षा त्वचेला कमी त्रास देतं. साबण लावून लगेच वर सॅनिटायझर चोळलं की कातडी फाटते.

रानवारा:
दुसरा प्रश्न माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा. फॅमिली डॉक्टर कामाच्या तासांपेक्षा अर्धवट राहिलेल्या कामांनी जास्त थकतात. फोनवर छाती ऐकता येत नाही, ओठांचा रंग दिसत नाही, म्हणून प्रत्येक निर्णयाला एक शेपूट राहतं: "सांगितलं ते बरोबर होतं ना?" रात्री झोप उडते ती त्या शेपटाने.

ते तिथल्या तिथे बांधून टाका. फोन ठेवण्याआधी तीन गोष्टी पेशंटला सांगायच्या आणि नोंदवहीत लिहायच्या: काय झालं तर थेट हॉस्पिटल, पुढचा फोन कधी, आणि तो कुणी करायचा. "बरं वाटलं नाही तर कळवा" हे वाक्य बंद. उद्या सकाळी १० वाजता नर्स फोन करेल, ऑक्सिजनचा आकडा आणि श्वासाचा वेग विचारेल, असं. दिवस संपताना शेवटची १० मिनिटं कोरी ठेवून या उरलेल्या नावांची यादी करा: नाव, काय बघायचं, किती वाजता, कोण. यादी दवाखान्यातच राहते, तिचा फोटो काढून घरी न्यायचा नाही.

फोनसाठी दवाखान्याचा एकच नंबर. डॉक्टरांचा खासगी नंबर आधीच वाटलेला असेल तर त्यावर आपोआप जाणारं उत्तर लावा: तातडीसाठी कुठे, इतर कामासाठी किती वाजता. डॉक्टर फोन घेणार ते दोनच ठरलेल्या वेळांत. रिसेप्शनिस्टच्या टेबलावर एक कार्ड: एक वाक्य सलग बोलता येत नाही, छातीत दुखतंय, ओठ निळे, माणूस गोंधळलेला किंवा जागा होत नाही. यातलं एकही असेल तर वेळ बघायची नाही, फोन लगेच आत द्यायचा. हे कार्ड नसेल तर रिसेप्शनिस्ट घाबरून प्रत्येक फोन आत पाठवते आणि दोन वेळांचा नियम पहिल्याच दिवशी मोडतो.

आणि दर आठ पेशंटनंतर एक अपॉइंटमेंट रिकामी. "मध्ये वेळ मिळाला तर" असं ठेवलं तर वेळ मिळत नाही.

सावली:
रोज १० मिनिटं श्वासाचे व्यायाम का नाही सुचवत कुणी? फुकट आहेत.

रानवारा:
करावेत की. पण पेशंट तेवढेच आणि डॉक्टरांनी श्वास मोजायचा, हा उपाय म्हणून पुरत नाही. आधी काम आवरा, मग श्वास.

उंबरठा:
तिसऱ्या प्रश्नावर. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत बर्नआउट, म्हणजे कामाच्या सततच्या ताणाने आलेला थकवा, हा आजार म्हणून नाही, कामाशी निगडित अवस्था म्हणून नोंदलेला आहे. खुणा तीन: शक्ती संपणं, कामाबद्दल अलिप्तपणा किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. पहिली खूण सगळ्यांना दिसते. दुसरी सहकाऱ्यांना आधी दिसते: पेशंटचं नाव जाऊन "तो सातवा खोकला" उरतो, नोंदी एकेका शब्दाच्या होतात.

नैराश्य वेगळं तपासावं लागतं. पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची यादी डॉक्टर पेशंटना देतातच, स्वतःही महिन्यातून एकदा भरावी. एकूण गुण ० ते २७. १० किंवा जास्त आले तर दुसऱ्या डॉक्टरला दाखवायचं. नवव्या प्रश्नाला, म्हणजे मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचाराला, शून्याखेरीज काहीही उत्तर असेल तर एकूण बेरीज बघायचीच नाही, त्याच दिवशी बोलायचं. म्हणून साथ यायच्या आधीच प्रत्येक डॉक्टरचा स्वतःचा डॉक्टर ठरलेला हवा, दवाखान्याबाहेरचा. स्वतःच्या झोपेच्या गोळ्या स्वतः लिहायच्या नाहीत, भागीदाराकडूनही जाता जाता लिहून घ्यायच्या नाहीत.

रोज दोघांनी एकमेकांना दोन प्रश्न विचारावेत: काल किती तास झोप? कोणता पेशंट डोक्यातून जात नाही? "बरा आहेस ना?" याचं उत्तर नेहमी "हो" येतं. मात्र वाईट प्रसंगानंतर सगळ्यांना बसवून सक्तीने मन मोकळं करायला लावू नका. अशा एकदाच घेतलेल्या सत्रांचा फायदा दिसलेला नाही.

एक सोय आराखड्यात आवर्जून लिहा. वर्षानुवर्षं ओळखीचा पेशंट दगावल्याची बातमी आली की त्या डॉक्टरची पुढची २० मिनिटं रिकामी करायची. हे रिसेप्शनिस्टने परस्पर करायचं, डॉक्टरने मागायचं नाही. मागत कुणी नाही.

काजवा:
खूप आभार, सगळ्यांचेच. अजून एक शंका. दोन्ही डॉक्टर एकदमच आजारी पडले तर?

धूमकेतू:
तशी वेळ तपासणीच्या खोलीमुळेच येते असं नाही, जेवणाच्या खोलीमुळेही येते. तिथे मास्क उतरतात, दार बंद असतं आणि लोक तोंडासमोर तोंड करून बसतात. दोघांच्या सुट्टीच्या वेळा वेगळ्या ठेवा, तो कार्बन डायऑक्साइडचा मीटर दुपारी तिथे नेऊन ठेवा.

चांदणवेल:
आणि शेजारच्या एखाद्या दवाखान्याशी आत्ताच लेखी ठरवा. तोंडी "बघू आपण" साथीत टिकत नाही, कारण तेव्हा त्यांचेही हात भरलेले असतात. कागदावर हे हवं: एका दिवसाच्या सूचनेवर रोज किती पेशंट घेणार, रेकॉर्ड कसं उघडायचं, दीर्घ आजारांच्या औषधांची यादी कुठे आहे, फी कुणाची. वर रानवारांनी सांगितलेली उरलेल्या नावांची यादी त्यांच्याकडे कोण पोहोचवणार, तेही लिहा. ते काम नर्सचं ठेवा. ताप आलेल्या डॉक्टरने अंथरुणातून फोन करत बसू नये.