'उंचावरचे ढग' की 'प्रतलापासून दूरचे मेघ'?

रंकाळाकाठ: कोल्हापुरातल्या हौशी आकाशनिरीक्षकांसाठी माहितीफलक लिहितोय. विषय, आकाशगंगेच्या पट्ट्यापासून लांब दिसणारे रेणूंचे ढग. 'उच्च अक्षांशावरचे' लिहिलं तर एकानं विचारलं, "ध्रुवाकडचे काय?" 'उंचावरचे' म्हटलं की पिंजलेल्या कापसासारखे ढग डोळ्यांपुढं येतात. काय लिहू?

पेठेतला: 'प्रतलापासून दूरचे' लिहा. प्रतल म्हणजे आकाशगंगेच्या चकतीची सपाट पातळी, शब्द भूमितीत सगळे शिकलेत. आणि ढग नको, मेघ. ढग पाण्याचा, हा हायड्रोजनचा, उणे २५० अंशांच्या घरातला.

डोंगरवाट: मेघ काय कोरडा असतोय होय? आमच्या गावात "आभाळ आलंय" म्हणजे ढगच आलेत. आभाळ आलं 'अभ्र'वरनं, आणि 'अभ्रिका' शब्द कोशात आहेच की. तोच घ्या.

भौतिकीवाली: अभ्रिका नको, ती नेब्युलासाठी, म्हणजे अवकाशातल्या वायू-धुळीच्या ढगांसाठी सरसकट रुळलीय. त्याहून मोठी अडचण 'दूर' या शब्दाची आहे. इथला अक्षांश हा आकाशगंगेच्या पट्ट्यापासून मोजलेला कोन, अंतर नव्हे. सूर्य स्वतःच प्रतलाजवळ असल्यानं जवळचा ढगही आकाशात पट्ट्यापासून लांब दिसतो. मॅग्नानी, ब्लिट्झ आणि मंडी या खगोलशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये नोंदवलेल्या अशा ढगांपैकी बरेचसे साधारण ३२५ प्रकाशवर्षांवर आहेत. ४० अंशांवरचा असला, तरी प्रतलापासून जेमतेम २०० प्रकाशवर्षं! कालेय तारकासमूहातला ढग मात्र खरंच दूर, प्रतलापासून हजारेक प्रकाशवर्षं. दोघांना एकच शब्द लावू नका, कळकळीनं सांगते.

रंकाळाकाठ: हे फलकावर घालतोच. पण मग शब्द?

पेठेतला: हे ढग पुणे जिल्ह्यातल्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीतून दिसतात का? विज्ञान दिनी तिथं गेलो होतो, एवढ्या मोठ्या जाळीच्या तबकड्या!

भौतिकीवाली: नाही. थंड हायड्रोजन रेणू स्वतः जवळजवळ काहीच प्रारण सोडत नाही, म्हणून त्याच्यासोबतच्या कार्बन मोनॉक्साइडची २.६ मिलिमीटरची रेषा शोधतात. खोडदची दुर्बीण २१ सेंटिमीटर आणि त्याहून लांब लहरींची. मिलिमीटरच्या लहरींना जाळीऐवजी गुळगुळीत तबकडी लागते.

डोंगरवाट: 'आकाशगंगेचं प्रतल' म्हणताय, पण शास्त्रवाले गॅलेक्सीला 'दीर्घिका' म्हणतात ना? संस्कृतात दीर्घिका म्हणजे लांबट तळं. गंगा सोडून तळ्यात कशाला उतरायचं?

पेठेतला: गंगा आपली एकच, दीर्घिका अब्जावधी. फरक पाहिजेच.

डोंगरवाट: मग देवयानीला, म्हणजे अँड्रोमेडा गॅलेक्सीला, काय म्हणायचं? मी शाळेत असल्यापासून 'देवयानी आकाशगंगा'च ऐकलंय, आणि ते चूक आहे असं मला कुणी पटवून दिलेलं नाही.