मुलांचा निवाडा मुलांनीच करावा का?

पाटीपेन्सिल: अमेरिकेत 'टीन कोर्ट' नावाचा प्रकार आहे. दुकानातली उचलेगिरी, भिंती रंगवणं असल्या किरकोळ गुन्ह्यात सापडलेलं पोर सहसा आधी कबुली देतं, मग त्याच्याच वयाचे स्वयंसेवक वकील आणि ज्युरी होऊन शिक्षा ठरवतात. टेक्सासमधल्या ओडेसाचं १९८३ चं कोर्ट सुरुवातीच्यांपैकी. शिक्षा म्हणजे समाजसेवेचे तास, माफीचं पत्र वगैरे. मला आवडलं ते वेगळंच: बऱ्याच ठिकाणी त्या पोरालाही पुढे दुसऱ्याच्या प्रकरणात ज्युरीत बसावं लागतं. मला तरी हे पटतं. तुम्हाला?

उलटतपासणी: अजिबात नाही. मॉनिटर झालेलं पोर फळ्यावर कुणाकुणाची नावं लिहितं, आठवा जरा. आणि ज्युरीतल्या पोरांना गुप्ततेची शपथ देतात म्हणे! चौदाव्या वर्षी गुपित मधल्या सुट्टीपर्यंत टिकलं तरी खूप.

पाटीपेन्सिल: मॉनिटरला कुणी शिकवत नाही हो. इथे आधी प्रशिक्षण असतं. अर्बन इन्स्टिट्यूट या अमेरिकन संशोधन संस्थेचा २००२ चा अभ्यास बघा. सहा महिन्यांत पुन्हा गुन्ह्यात सापडलेले अलास्काच्या टीन कोर्टात ६ टक्के, नेहमीच्या पद्धतीने हाताळलेल्यांत २३.

उलटतपासणी: मेरीलँड बरं सोयीस्कर गाळलंत! त्याच अभ्यासात तिथे टीन कोर्टाचे ८ आणि तुलनेच्या गटात ४. फरक फार मोठा नाही, मान्य. पण तुलनेतली पोरं पोलिसांच्याच सुधार-कार्यक्रमात होती, वकील-ज्युरीचा थाट न करता. मग हे नाटक कशाला?

मधलीसुट्टी: कोर्ट नाही, पण शाळेच्या शिस्त समितीत मी बसलोय. प्रयोगशाळेतलं भिंग उचललेला मुलगा समोर उभा, शर्टाच्या बटणाशी चाळा करत. आम्ही तिघांनी दोन मिनिटांत 'महिनाभर वर्ग झाडायचा' ठरवून टाकलं. बाईंनी एवढंच विचारलं, "भिंग कशाला हवं होतं, विचारलंत का त्याला?" नव्हतं विचारलं. लाज वाटली. (घरी मुंग्या बघायला नेलं होतं.)

उलटतपासणी: म्हणजे बाई होत्या म्हणून वाचला बिचारा. मी वेगळं काय म्हणतोय?

पाटीपेन्सिल: बाई हव्यातच की! टीन कोर्टातही मोठी माणसं असतात, कित्येक ठिकाणी न्यायाधीशाच्या खुर्चीत. मला दुसरंच विचारायचंय. तो भिंगवाला पुढे कधी समितीत बसला?

मधलीसुट्टी: नाही. त्याला घ्यावं असं आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातही आलं नाही.