पोस्टडॉक (पीएचडीनंतरची संशोधनाची जागा) कशी मिळाली? अनुभव लिहा

अबोली:
काल पवईच्या आयआयटीच्या मेन गेटपाशी एक मुलगी नवाकोरा थीसिस छातीशी धरून रिक्षा शोधत होती. मला माझं ते वर्ष आठवलं. थीसिस सबमिट, फेलोशिप बंद, व्हायवाची (तोंडी परीक्षेची) तारीख नाही, हॉस्टेलची खोली सोडायची आणि आईचा रोज फोन, "पुढचं काय ठरलं गं?" मी पॉलिमरवाली. मला तारलं ते एका मेलने. जिथे जायचं होतं त्या संशोधन गटाचा ताजा पेपर बैठक मारून वाचला, त्यातल्या एका आलेखावर प्रश्न विचारला आणि हे मोजायला मला आवडेल, माझ्याकडे रिओमीटरवरच्या (पदार्थ कसा वाहतो ते मोजणाऱ्या यंत्रावरच्या) कामाचा अनुभव आहे, एवढंच लिहिलं. प्रोफेसरांचं उत्तर त्याच रात्री. "रिस्पेक्टेड सर, आय ॲम हार्डवर्किंग" छापाचे मेल त्यांच्याकडे ढिगाने येतात हो. तुमचं कसं जमलं?

ट्रॉम्बेकर:
डिग्रीच्या कागदासाठी थांबू नका!! थीसिस सबमिट झाल्याचं पत्र बऱ्याच ठिकाणी चालतं. इथल्या नॅशनल पोस्टडॉक फेलोशिपलाही (पैसे देणारी सरकारी संस्था आधी एसईआरबी, आता एएनआरएफ) चालायचं. वयाची अट 35, बायकांना 5 वर्षं सूट. नियम दर वेळी वाचा, बदलतात.

निशिगंधा:
ती सूट मला देवासारखी धावली. लेक लहान, नवरा मुंबईत, परदेश शक्यच नव्हता. मी अर्जाआधी त्या लॅबमध्ये सेमिनार द्यायला गेले. चर्चगेटहून बस, कुलाब्याच्या टोकाला समुद्र, पण माझं लक्ष स्लाइड्समध्ये. नंतर चहावर लॅबमधल्या मुलींनी खरं काय ते सांगितलं: सर वेळ देतात का, पेपरवर नाव कसं लागतं. हे विचाराच, आधीच विचारा.

घारेमामी:
मी शास्त्रज्ञ नाही, पण मुलगा जर्मनीत आहे. तिथल्या हम्बोल्ट फेलोशिपला त्याच्या वेळी म्हणे ठराविक शेवटची तारीख नव्हती, पीएचडी मिळून 4 वर्षं व्हायच्या आत अर्ज करायचा. आताचा नियम बघून घ्या. तिथल्या प्राध्यापकाचं पत्र आधी हवं. अर्जाच्या त्या दिवसांत पोरगा जेवायचा नाही नीट. पोरांनो, जेवत जा.

ठाणे_फास्ट:
मामी 🙏
मेरी क्युरी (युरोपियन युनियनची फेलोशिप) भरणारे, मोबिलिटीची अट बघा. ज्या देशात जायचंय तिथे डेडलाइनआधीच्या 36 महिन्यांत 12 महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं चालत नाही. माझा मित्र त्याच देशात आधीपासून होता, प्रपोजल सुंदर, तरी बाद. फार वाईट वाटलं. शेवटी त्याला प्रोजेक्टच्या पैशातून जागा मिळाली, ती कुठे जाहीरही झाली नव्हती. गाईडने कॉन्फरन्समध्ये शब्द टाकला होता.

अबोली:
अगदी. गाईडला लाजू नका. आणि रेको (शिफारसपत्र) देणाऱ्यांना महिनाभर आधी सांगा, सीव्ही आणि जाहिरात सोबत द्या.

मक्या_माटुंगा:
केमिकलवाला. सबमिशन दिवाळीनंतर. इंडस्ट्रीचा कॉल आलाय, घरून दबाव, मन रिसर्चमध्ये. वाचून धीर आला. मामी, गोडा मसाला विमानात नेऊ देतात का?

घारेमामी:
चेक-इनच्या बॅगेत, दोन पिशव्यांत बांधून. तिथला नियम एकदा बघून घे. दिवाळीआधी मेल सुरू कर रे!

निशिगंधा:
मक्या, सीव्ही पाठव, रात्री लेक झोपली की बघते.