सगळे रिपोर्ट नॉर्मल, तरी अंगात काहीतरी बिघडलंय. टेन्शनने एवढं होतं का खरंच?

गवतीचहा:
नमस्कार मंडळी. वय ४१, चिंचवड. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या. सासूबाईंना डिमेन्शिया आहे, तीन वर्षं झाली. माझं वर्क फ्रॉम होम, त्यामुळे दिवसा मीच आणि रात्रीही मीच. रात्री दोन-अडीचला त्या उठतात, पिशवीत साड्या कोंबतात आणि मला मिरजेला जायचंय म्हणून दाराची कडी वाजवत बसतात, एकदा खरंच खाली गेटपर्यंत गेल्या, तेव्हापासून आतून कुलूप आणि किल्ली माझ्या उशीखाली. आता त्या गाढ झोपल्या असल्या तरी मला अडीचला जाग येते म्हणजे येतेच, छातीत धडधड, मग पाचपर्यंत टक्क जागी.
गेल्या चारेक महिन्यांत विंचरताना केसांचे पुंजके हातात येतायत, सकाळी जबडा एवढा आवळलेला असतो की भाकरी चावताना कानाशी कळ जाते. तव्याची कड मनगटाला लागली त्याला पाच आठवडे झाले, खपली धरते, निघते, परत धरते. पोरावर उगाच ओरडते आणि मग बाथरूममध्ये नळ सोडून रडते. थायरॉइड, हिमोग्लोबिन, शुगर, ईसीजी सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले ताण कमी करा. म्हणजे नेमकं काय करू? आणि ताणाने भाजलेलं बरं होत नाही हे काही मला पटत नाही, काही सापडलं नाही की स्ट्रेस म्हणून मोकळे होतात.

कोपरखळी:
जबड्याचं सांगते. झोपेत दात खाताय तुम्ही. मला कळलंच नव्हतं, नवरा म्हणायचा रात्री कटकट आवाज येतो, मला वाटायचं घोरण्याचा विषय टाळतोय. दाढ चिरली तेव्हा डेंटिस्टकडे गेले, त्यांनी रात्री घालायचा नाइट गार्ड करून दिला. दात वाचले. टेन्शन होतं तिथेच आहे पण निदान दात आहेत.

अर्धवट_फार्मासिस्ट:
जखमेचं तुम्हाला पटत नाहीये ना, तर गंमत बघा, नेमका तुमच्याच परिस्थितीतल्या बायकांवर अभ्यास झालाय. अमेरिकेत ओहायोमध्ये, १९९५ साली छापून आला. डिमेन्शियाच्या नातेवाईकाला सांभाळणाऱ्या १३ बायका आणि तशी जबाबदारी नसलेल्या साधारण त्याच वयाच्या १३ बायका घेतल्या, सगळ्यांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची छोटीशी जखम मुद्दाम केली आणि भरायला किती दिवस लागतात ते मोजलं. सांभाळणाऱ्या बायकांना सरासरी ९ दिवस जास्त लागले. अभ्यास छोटा आहे हे खरं, पण पुढेही असंच दिसत गेलं.
कारण असं की जखम भरायची सुरुवातच सुजेने होते, पांढऱ्या पेशी तिथे गोळा व्हाव्या लागतात, आणि कॉर्टिसोल, म्हणजे ताणात वाढणारं हार्मोन, ती सूजच दाबतं. एखादा दिवस वाढलं तर काही बिघडत नाही, कुत्रा मागे लागला, पळालो, संपलं. तुमच्याकडे कुत्रा तीन वर्षं दारातच बसलाय. अडीचची जागही तीच, शरीराने ती ड्युटी पाठ केलीय. केसांचं तर अजून विचित्र, शरीराला धक्का बसल्यावर दोन-तीन महिन्यांनी गळतात, त्यामुळे माणूस आत्ताचं शॅम्पू बदलत बसतो.

सुपारी_कातर:
वरचं सगळं मान्य पण सगळंच ताणाच्या नावावर खपवू नका. पोटातल्या अल्सरचं कित्येक वर्षं काळजी आणि तिखटावर बिल फाडत होते, शेवटी ऑस्ट्रेलियातल्या दोन डॉक्टरांनी जंतू दाखवला, एकाने तर तो पिऊन स्वतःच्या पोटात सूज आणून दाखवली, २००५ला नोबेल मिळालं दोघांना. ताई, पाच आठवडे जखम भरत नाही म्हणजे ती कुणाला तरी दाखवाच. शुगर नुसती उपाशीपोटीची केली की एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, ती पण? फेरिटिन म्हणजे लोहाचा साठा, आणि बी१२ बघितलं का? आणि एक्केचाळीस म्हणजे पाळीचं मागेपुढे व्हायला लागलं असेल तर झोपमोड, धडधड, चिडचिड त्यानेही होते. गायनॅकला एकदा विचारा.

मुक्काम_पोस्ट_वाई:
सगळं वाचलं. एक प्रश्न राहिलाच, यात नवरा कुठेय? नणंद, दीर कोणी? त्यांची आई आहे ना ती.
माझ्या वडिलांना अर्धांगवायू झाला तेव्हा चार वर्षं मी एकटाच केलं. बीपी १६०/१००, पित्ताने हैराण, आणि लोक सांगायचे प्राणायाम करा. केला हो प्राणायाम, डोळे मिटले की बाबांची बेल वाजायची. शेवटी ब्युरोमधून रात्रीचा माणूस ठेवला, परवडत नव्हता तरी भावाच्या मागे लागून त्याच्याकडून निम्मे पैसे घेतले, भांडण झालं, होऊ दे. चार रात्री सलग झोपलो तेव्हा कळलं की आपण मुळात चिडके नाही आहोत. बीपीची गोळी चालूच आहे, ती काही सुटली नाही.
आणि नळ सोडून रडायची वेळ आली तर १४४१६ लावा, सरकारची टेलिमानस हेल्पलाइन, मनाच्या त्रासासाठी, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात.

गवतीचहा:
सगळ्यांना एकत्रच उत्तर देते. एचबीएवनसी ५.४ आलं. फेरिटिन मात्र ९, म्हणजे हिमोग्लोबिन ठीक असूनही लोह तळाला गेलंय, सुपारी_कातर तुमचे आभार, गोळ्या सुरू केल्यात. जखम त्वचेच्या डॉक्टरांनी बघितली, मलम दिलंय आणि खपली खाजवू नका म्हणाल्या. मी खाजवत होते हे मला माहीतच नव्हतं.
वाईकर, तुमचा प्रश्न मी नवऱ्याला फोनवर वाचून दाखवला. बराच वेळ गप्प होता. नणंद महिन्यातला एक आठवडा नेते म्हणालीय, बघू, नेल्यावर खरं. पण शनिवारी किल्ली त्याच्या उशीखाली होती. मी पोराच्या खोलीत झोपले, अडीचला जाग आलीच, पडून राहिले. बाहेर कडी वाजली आणि मग त्याचा आवाज, "आई, मिरजेची गाडी सहाची आहे गं, अजून वेळ आहे, झोप." पुढचं ऐकायला मी जागी नव्हते.