पेठेतला वाडा आणि मामांचा याशिका

प्रश्न:
मामांच्या कपाटात याशिका मॅट १२४ जी, म्हणजे जुना दोन लेन्सचा फिल्म कॅमेरा, सापडला. सातारा, यादोगोपाळ पेठ. आमच्या समोरचा वाडा दिवाळीनंतर पाडणार आहेत. त्याआधी दिंडी दरवाजा आणि तुळईवरची कोरीव फुलं फिल्मवर घ्यायचीत. पहिला रोल वाया गेला. उजेड मोजायचा मीटर मेलेला, गल्ली अरुंद, सगळा वाडा मागे कलंडल्यासारखा आला. बारांत एकच बरा, तोही शेजारच्या काकूंच्या कुरडयांचा!

उत्तर १:
तो मीटर पाऱ्याच्या १.३५ व्होल्टच्या सेलवर चालायचा, ते सेल आता बंद झाले. कानाच्या मशीनचा ६७५ नंबरचा सेल घ्या, १.४ व्होल्ट देतो. थोडा लहान असतो, कडेने रिंग घाला. उघडल्यावर फार दिवस टिकत नाही. मी तर मीटर बघतच नाही: लख्ख ऊन, १०० आयएसओची फिल्म, लेन्सचं छिद्र बारीक म्हणजे एफ १६, शटर १/१२५ सेकंद. सावलीतल्या दरवाजाला छिद्र मोठं, थेट एफ ४.

उत्तर २:
कॅमेरा वर तोंड करून धरला की भिंती कलंडणारच. समोरच्या माडीवर चढा, सपाट धरा. सुताराचं स्पिरिट लेव्हल वर ठेवून बघा, मी तेच करतो. खाली रस्ता जास्त येईल, येऊ दे. चौकोनी निगेटिव्ह आहे, प्रिंट काढताना कापा. आणि कॅमेऱ्यात वरून बघायच्या काचेत डावं-उजवं उलट दिसतं, सुरुवातीला डोकं गरगरतं.

प्रश्नकर्ता:
समोरची माडी कुरडयावाल्या काकूंचीच आहे. उद्या सकाळी चहाला जातो.