‘पेशींची रचना’ की ‘मांडणी’?

गोदाकाठ: कूर्चेवरचा, म्हणजे कार्टिलेजवरचा, एक लेख मराठीत आणतेय. गुडघ्यातली कूर्चा झिजली की आपली आपण नीट भरून येत नाही, तिच्यात रक्तवाहिन्याच नसतात. म्हणून पेशी हायड्रोजेलमध्ये, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या जेलीत, घालून नवी वाढवायचे प्रयत्न चालतात. जेलमध्ये त्या सुट्या आहेत, पुंजक्यांत की थरांत, यावर पुढचं बरंच अवलंबून. मी ‘पेशींची रचना’ लिहिलं. तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, रचना म्हणजे पेशीच्या आतली, केंद्रक वगैरे. आता काय लिहू?

बारदान: मांडणी. त्यात काय एवढं?

विदग्ध: मांडणी बरण्यांची. शास्त्रात ‘विन्यास’.

बारदान: केशविन्यास आठवला. गुडघ्यात वेणी घालायचीय का?

रानवाट: लॅबमध्ये पेशी ‘सीड’ करतात ना? मग पेरणीचे शब्द घ्या की. बी फोकलं म्हणजे हातानं उधळलं, टोकलं म्हणजे एका जागी दोन-तीन दाणे. सुट्या पेशी फोकलेल्या, पुंजके टोकलेले.

गोदाकाठ: ‘टोकलेले’ झकास! एकमेकींना लागून बसलेल्या पेशी वेगळ्या वागतात, हाच लेखाचा मुद्दा. पण मूळ कूर्चेत तीन तऱ्हा आहेत: वर चपट्या, पृष्ठभागाला समांतर, मधे गोल आणि विखुरलेल्या, खाली उभ्या ओळींत. नुसतं फोकून ते कसं जमायचं?

काचपट्टी: लॅबवाली बोलते. सपाट ताटलीत या पेशी पसरतात आणि दुसऱ्या प्रकारचं कोलॅजन, म्हणजे कूर्चेतलं मुख्य प्रथिन, करायचं थांबवून पहिल्या प्रकारचं करायला लागतात. अगारोजच्या जेलमध्ये ठेवल्या की गोल होऊन परत वळणावर येतात. हे १९८२ सालीच छापून आलंय. आम्ही आपलं ‘जेलमध्ये सेल्स टाकल्या’ म्हणतो, कुणाचं अडत नाही.

विदग्ध: हीच तर रड. आणि ‘कूर्चा’ तरी कशाला? संस्कृतात कूर्च म्हणजे जुडगा. आपला कुंचा त्यातलाच. शाळेत आम्ही ‘कास्थी’ शिकलो. सुश्रुतानं हाडांचे ५ प्रकार सांगितलेत: कपाल, रुचक, तरुण, वलय, नलक. नाकाकानातलं ते ‘तरुण’. सरळ तरुणास्थी म्हणा.

रानवाट: सत्तरीच्या गुडघ्यात तरुणास्थी! आमची आजी मटणातलं ‘कुरकुरीत हाड’ म्हणायची आणि ते स्वतःच्या ताटात ओढायची.

काचपट्टी: सुश्रुतच काढलात तर ‘पेशी’ही सोडा. त्याच्याकडे पेशी म्हणजे मांसाची, आपण जिला स्नायू म्हणतो ती. हिंदीत अजून मांसपेशीच म्हणतात.

बारदान: मग सेलला कोशिका म्हणू?

विदग्ध: ते हिंदी. चालणार नाही.

गोदाकाठ: अहो, लेख उद्या द्यायचाय. ‘मांडणी’ ठेवू का?

विदग्ध: थांबा, सुश्रुताचा स्नायू म्हणजे तर बांधून ठेवणारे तंतू. मग मराठीत तो मसल कधी झाला?

बारदान: तालमीत झाला असेल.